लहानपणी छातीला रेडिएशन झालंय, आता वय २८, मॅमोग्राफी करावी का? (बडोदा)

वाडीतली_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी बडोद्याचीच, वय २८. २००९ साली बारा वर्षांची असताना मला हॉजकिन्स लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झाला होता, मानेत आणि छातीच्या मधोमध गाठी होत्या. ट्रीटमेंट मुंबईला टाटामध्ये, आधी केमो मग रेडिएशन. शाळेचं एक वर्ष गेलं, केस गेले, परत आले, पुढे सगळं सुरळीत. बरीच वर्षं चेकअपला मुंबईला जायचो, मग कॉलेज, मग बाबा रिटायर झाले, आणि जाणं सुटलं ते सुटलंच. आता मकरपुऱ्यात नोकरी करते, तब्येत ठणठणीत आहे, नवरात्रीत नऊच्या नऊ रात्री गरबा खेळते.

प्रश्न आत्ताच का पडला तर, टाटाच्या वेळच्या आम्हा मुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातल्या एकीला ३२ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. तिलाही हॉजकिन्सच होता आणि छातीलाच शेक दिले होते. ती म्हणाली अगं तूही बघून घे, आपल्याला रिस्क असते. मी इथे एका गायनॅककडे गेले तर त्या म्हणाल्या मॅमोग्राफी चाळिशीनंतर, घरात कुणाला आहे का, नाही ना, मग कशाला, आणि शिवाय अजून रेडिएशन कशाला घ्यायचं. पटलं पण आणि नाही पण.

घरी विषय काढला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. डिसेंबरात माझं लग्न आहे. त्यांच्याकडे आजाराचं आधीच सांगितलंय, लपवलेलं काही नाही, पण त्यांच्या मामींनी विचारलं "परत तर होणार नाही ना, आणि पुढे मुलाबाळांना?" तर आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

तर कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, हे दुसरं कॅन्सर म्हणजे जुनंच उलटतं का नवीन होतं, आणि मी आत्ता काय करायला पाहिजे. घाबरवू नका प्लीज, पण गोड गोडही बोलू नका.

कोबाल्टवाले_काका

बेटा, मी डॉक्टर नाही, पण नोकरीभर रेडिओथेरपीत टेक्नॉलॉजिस्ट होतो, जुन्या कोबाल्टपासून नव्या लिनॅकपर्यंत रेडिएशन देणारी सगळी मशीनं हाताळलीत, आता रिटायर होऊन दांडिया बाजारात असतो. माझ्या हद्दीतलं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे हे जुनं उलटणं नव्हे. हॉजकिन्स उलटायचा असता तर बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच उलटतो, सोळा वर्षांनंतर तो विषय जवळजवळ मागे पडला. तुझ्या मैत्रिणीचं झालं ते नवीन, वेगळ्या पेशींचं. रेडिएशन गाठीला मारतं तेव्हा वाटेत जे निरोगी टिश्यू येतं त्याच्याही डीएनएला धक्का बसतो. बहुतेक पेशी दुरुस्त होतात नाहीतर मरून जातात, एखादी चुकीची दुरुस्त होऊन तशीच राहते आणि तिचं काहीतरी व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं जातात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीत छातीचं टिश्यू नुकतंच वाढायला लागलेलं असतं, म्हणून त्या वयातलं रेडिएशन तिथे जास्त लागतं. तेच रेडिएशन चाळिशीच्या बाईला दिलं तर धोका पुष्कळ कमी.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, "कॅन्सर झाला होता" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं कशावरून, तर किती ग्रे दिले (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) आणि कुठल्या फील्डला, म्हणजे शरीराच्या कुठल्या भागावर. आमच्या सुरुवातीच्या काळात मँटल म्हणून फील्ड असायचं, हनुवटीखालपासून पार छातीच्या खालपर्यंत, दोन्ही काखा धरून, आणि डोस ३६ ते ४४ ग्रे. फुप्फुसं झाकायला शिशाचे ब्लॉक ठेवायचो ट्रेवर, मुलगी हलली की परत सगळं जुळवा, छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा, आणि आया विचारायच्या आंघोळ कधी घालायची. नंतर नंतर मुलांना केमो जास्त आणि रेडिएशन कमी असं आलं, डोस २० च्या आसपास, फील्ड फक्त जिथे गाठ होती तेवढं. तू २००९ ची म्हणजे बहुतेक या दुसऱ्या गटातली. पण बहुतेक म्हणून चालायचं नाही, कागद काढ. केस नंबर असेल तर टाटाला रेकॉर्ड निघतं. रेडिएशनचा समरी शीट वेगळा असतो, त्यावर साइट, डोस, फ्रॅक्शन म्हणजे किती वेळांत विभागून दिलं, सगळं असतं.

राहिलं मॅमोग्राफीच्या रेडिएशनचं. दोन्ही बाजूंचे फोटो मिळून काही मिलिग्रे, म्हणजे ग्रेचे काही हजारांश, होतात. तुला त्या वेळी मिळालं ते हजारो पट. ज्यांना आधीच धोका जास्त आहे त्यांनी त्या मिलिग्रेला भिऊन तपासणी टाळणं मला तरी काही पटत नाही.

मध्यरात्र_ड्यूटी

मी पिडियाट्रिक्सवाली, काही काळ मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम केलंय. काकांनी नीट सांगितलंय, मी पुढचं सांगते.

ताई, तुझ्या गायनॅक मॅडम सर्वसाधारण बाईसाठी बरोबर बोलल्या. घरात कुणाला नाही आणि वय २८, तर कुणीच मॅमोग्राफी लिहून देणार नाही. पण छातीला १० ग्रे किंवा जास्त रेडिएशन मिळालेल्या मुलींसाठी नियम वेगळा आहे, अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय: वयाची २५ वर्षं किंवा रेडिएशननंतर ८ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तिथपासून दर वर्षी मॅमोग्राम आणि ब्रेस्ट एमआरआय दोन्ही. तुझं रेडिएशन २००९-१० धरलं तर ८ वर्षं २०१७-१८ मध्येच झाली, २५ पूर्ण झाली २०२२ मध्ये, म्हणजे तू ऑलरेडी त्या वयात आहेस. ही माहिती जास्त करून मुलांच्या ऑन्कॉलॉजीवाल्यांना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) असते, बाकी बऱ्याच डॉक्टरांना नसते, त्यामुळे मॅडमवर रागावू नकोस, कागद घेऊन परत जा.

दोन्ही का, तर तरुण वयात टिश्यू दाट असतं, मॅमोग्राममध्ये सगळं पांढरंच दिसतं आणि गाठही पांढरीच. एमआरआय तिथे जास्त पकडतो. पण बारीक कॅल्शियमचे ठिपके मॅमोग्राममध्येच दिसतात. म्हणून एकावर भागत नाही.

आता आकडे, तू मागितलेस म्हणून. अमेरिकेत १९७० पासून ट्रीटमेंट झालेल्या हजारो मुलांना पुढे मोठेपणी फॉलो करणारा एक अभ्यास १९९४ पासून चालू आहे, चाइल्डहुड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी. त्यात छातीला रेडिएशन झालेल्या मुलींपैकी साधारण ३० टक्के जणींना पन्नाशीपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर झालेला दिसला. हे ऐकून पोटात गोळा येतो, मला माहितीये, पण थांब. त्या बहुतेक १९७०-८० च्या मुली, काका म्हणतात तो मोठा डोस आणि मोठं फील्ड. त्याच अभ्यासात सगळी मुलं-मुली मिळून बघितलं तर १५ वर्षांत दुसरं कॅन्सर होण्याचं प्रमाण सत्तरच्या दशकातल्या मुलांत २.१ टक्के होतं, नव्वदच्या दशकातल्यांत १.३ वर आलं, आणि तोपर्यंत रेडिएशन मिळणारी मुलंही ७७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली होती. डोस उतरला तसा धोका उतरला. तुझा आकडा त्या ३० पेक्षा कमी असणार, शून्य मात्र नाही.

आणि मामींना सांग, हॉजकिन्सच्या ट्रीटमेंटमुळे पुढे होणाऱ्या मुलांना कॅन्सर जास्त होतो असं आढळलेलं नाही, व्यंग असलेली मुलं होतात असंही नाही. आनुवंशिक कॅन्सर असतात ते वेगळे, त्यात हे सहसा येत नाही.

लग्नाआधी अजून दोन गोष्टी करून घे. हॉजकिन्सच्या केमोत बहुतेक ॲड्रियामायसिन असतं, आम्ही त्याला लाल औषध म्हणतो, आणि छातीला रेडिएशन, दोन्ही हृदयाला लागतात. एक टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घे आणि पुढे दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच गायनॅकला हे सांगून परत इको. आणि मानेला शेक झालेत म्हणजे दर वर्षी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि कुणीतरी गळ्याला हात लावून थायरॉइड तपासणं. शेवटचं, केमोत ब्लिओमायसिन नावाचं औषध मिळालं असेल तर कधीही ऑपरेशन झालं, सिझेरियन धरून, तर भूलवाल्यांना आधी सांगायचं, कारण फुप्फुसाला जास्त ऑक्सिजन सोसत नाही.

शेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री

हे सगळं वाचून धडधाकट माणूसही आजारी पडेल. ताई तुम्ही १६ वर्षं ठीक आहात ना, मग देवाचं नाव घ्या आणि हे विचार मनातून काढा, विचारानेच अर्धे रोग होतात. आमच्या शेजारच्या काकूंनी रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणि हळद घेतली, त्यांना आजतागायत काही झालं नाही. कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मारा. तपासण्या हा सगळा धंदा आहे.

करेलीबागचा_मन्या

वरचे भाऊ, फेऱ्या मारायला कुणाचीच ना नाही, मीही मारतो. पण माझं ऐका.

मला सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, एएलएल, १९९३ ची गोष्ट. तेव्हा ८४१ नावाचा प्रोटोकॉल चालायचा, त्यात डोक्याला १८ ग्रे रेडिएशन सगळ्यांना असायचं, कॅन्सर मेंदूत शिरू नये म्हणून. आता बहुतेक मुलांना ते देत नाहीत, कण्यातून औषध सोडतात त्यावर भागतं. आमच्या बॅचला मात्र मिळालेलं आहे.

तर दोन-अडीच वर्षांपूर्वी केस कापायला बसलो होतो, आमचे नेहमीचे न्हावी, ते कानामागे वस्तरा थांबवून म्हणाले, भाई, हे काय आहे, मागच्या वेळी पण होतं आणि खपली काढल्यासारखं दिसतंय. मसूराच्या डाळीएवढा गुळगुळीत चमकता डाग, मध्ये खड्डा. मला दिसण्याचा प्रश्नच नाही, कानामागे कोण बघतो. स्किनवाल्याकडे गेलो, त्यांनी बायॉप्सी केली, बेसल सेल कार्सिनोमा. स्किनचंच, पसरत नाही सहसा, भूल देऊन कापून टाकलं, चार टाके, दुपारी घरी. डॉक्टरांनी विचारलं लहानपणी डोक्याला रेडिएशन झालंय का, मी म्हटलं हो, म्हणाले मग बरोबर, जिथे शेक लागला त्याच कातडीवर येतं हे. आता वर्षातून एकदा बायको टॉर्च घेऊन डोकं, मान, कान सगळं बघते, आणि तिला आवडतं ते, एरवी मी तिचं ऐकत नाही ना.

तेव्हा मीही घाबरून विचारलं होतं की दर वर्षी मेंदूचा एमआरआय करू का, कारण डोक्याला रेडिएशन झालेल्यांना पुढे वीस-तीस वर्षांनी मेनिंजिओमा होऊ शकतो असं वाचलं होतं, तो बहुतेक वेळा साधा ट्यूमर असतो पण डोक्यात जागा व्यापतो. ते म्हणाले तक्रार नसताना सरसकट एमआरआय करत नाहीत, दर वर्षी येऊन नीट तपासून घ्या, आणि सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलटी, नजरेत फरक, आकडी असं काही झालं तर वाट बघायची नाही. म्हणजे सगळ्यांनी सगळ्या तपासण्या करायच्या असंही नाहीये भाऊ, ज्याला जिथे लागलंय तिथलंच बघायचं. धंदा म्हणत असाल तर मला तर डॉक्टरनेच नको म्हटलं.

कोबाल्टवाले_काका

मन्या, शाबास त्या न्हाव्याला.

गव्हांकुरवाल्या भाऊंना एवढंच, रस घ्यायचा तर घ्या, पण गुजरातेत राहून सांगायचंच असेल तर मावा आणि सिगारेट सोडायला सांगा. छातीला रेडिएशन झालेल्या माणसाने सिगारेट ओढली की फुप्फुसाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. बरे झालेले कितीतरी पोरगे पुढे कॉलेजात जाऊन हेच करताना पाहिलेत, फार जीव जळायचा.

दोन_मुलांची_आई

मी हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. आमचा प्रकार वेगळा आहे म्हणून सांगते, कुणाला उपयोगी पडेल.

माझ्या थोरल्याला दहा महिन्यांचा असताना रेटिनोब्लास्टोमा झाला, दोन्ही डोळ्यांत. फोटोत फ्लॅश मारला की बाहुली पांढरी दिसायची, तिथून कळलं. एक डोळा काढावा लागला, दुसरा केमो आणि लेसरवर वाचवला, रेडिएशन मुद्दाम टाळलं. तेव्हा मला वाटलं होतं डॉक्टर खर्चाचं बघतायत का काय, नंतर समजलं की या मुलांत आरबी१ नावाच्या जीनमध्येच बिघाड असतो, तो शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, त्यामुळे यांना रेडिएशन न देताही पुढे हाडाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि दिलं तर अजूनच जास्त, त्यातही वर्षाच्या आतल्या बाळाला दिलं तर सगळ्यात वाईट.

आता तो चौदा वर्षांचा आहे, क्रिकेटचं वेड. मागच्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या वर दुखतंय म्हणाला. सगळे म्हणाले वाढीचं वय आहे, दुखणारच, तेल चोळ. शाळेतले सर पण तेच म्हणाले. पण दुखणं एकाच पायात, एकाच जागी, आणि रात्री उठवायचं. मी दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, मग एमआरआय. निघालं काही नाही, लिगामेंटचं होतं. पण ऑन्कॉलॉजीच्या डॉक्टरांनी मला दरवाजापर्यंत येऊन सांगितलं की दर वेळी असंच करायचं, दहा वेळा काही निघालं नाही तरी अकराव्या वेळी काढायचा, या मुलाच्या बाबतीत "बघू पुढच्या आठवड्यात" नाही. धाकटीची जीनची टेस्ट जन्मल्याबरोबर केली, तिच्यात नाही. हे डोळ्याच्या कॅन्सरवाल्या सगळ्या घरांनी करून घ्यावं, विशेषतः दोन्ही डोळ्यांत असेल तर.

लेकीला सांगते, तुझ्या आईला दोष देऊ नको. मुलाला परत काही होईल हे शब्द तोंडातून काढायला नको वाटतं. मी सुद्धा उठून जाते.

मध्यरात्र_ड्यूटी

काकू, तुमचं अगदी बरोबर. नंतर होणाऱ्या ब्लड कॅन्सरबद्दल एक राहिलं ते जोडते. दुसरं कॅन्सर नेहमी रेडिएशननेच होतं असं नाही, काही केमोनेही होतं, एटोपोसाइड आणि सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं. त्यातून होणारा ल्युकेमिया लवकर येतो, एटोपोसाइडनंतर साधारण एक ते तीन वर्षांत, दुसऱ्या प्रकारच्या औषधांनंतर पाच-सात वर्षांत, दहानंतर क्वचितच. म्हणजे ताई तुझ्या बाबतीत तो काळ उलटून गेलाय, ती चिंता यादीतून काढून टाक.

वाडीतली_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी इतकं वाचेन असं वाटलं नव्हतं, रात्री दोनपर्यंत वाचत होते.

अपडेट देते. फाइल घरातच निघाली, आईच्या कपाटात, पैठणीच्या पिशवीत, लॅमिनेट करून ठेवली होती तिने. मी कागद पसरून बसले तर ती आपणहून येऊन शेजारी बसली आणि तारखा सांगायला लागली, सगळ्या पाठ. काका तुम्ही म्हणालात तो शीट आहे, लिहिलंय मेडियास्टायनम (छातीचा मधला भाग) आणि दोन्ही बाजूची मान, २१ ग्रे, १४ फ्रॅक्शन. काखा नाहीत. केमो सीओपीपी-एबीव्ही. ब्लिओमायसिन आहे, ॲड्रियामायसिन पण आहे.

कागद घेऊन त्याच मॅडमकडे गेले. वाचला, दहा मिनिटं फोनवर काहीतरी बघितलं, मग स्वतःच एमआरआय, मॅमोग्राम, इको, टीएसएच सगळं लिहून दिलं आणि म्हणाल्या ही झेरॉक्स माझ्याकडे राहू दे. मामींना पण मी स्वतः फोन केला, त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलंस, आमच्याकडे विचारायची पद्धतच नाही.

आता प्रश्न दोन. टाटाला परत जाऊ की अहमदाबादला जीसीआरआय कॅन्सर हॉस्पिटलला दाखवू? आणि एमआरआय इथेच कुठल्याही सेंटरला चालेल ना?

कोबाल्टवाले_काका

२१ ग्रे, १४ फ्रॅक्शन, म्हणजे रोज दीड. मुलांना देतात तसंच व्यवस्थित दिलंय. काखा नाहीत ही चांगली गोष्ट, मँटलपेक्षा छातीचं बरंच टिश्यू बाहेर राहिलं. पण १० च्या वर आहे, तेव्हा तपासणी चुकत नाही.

टाटाला एकदा जाच. तिथे १९९१ पासून एसीटी क्लिनिक आहे, ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठीच, तुझं जुनं चेकअप तिथेच होत असणार. रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी दाखवायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. एकदा त्यांनी वर्षाचा प्लॅन लिहून दिला की दर वर्षीच्या तपासण्या इथे करता येतात. मध्ये काही निघालं तर अहमदाबाद जवळ आहेच.

मध्यरात्र_ड्यूटी

एमआरआय कुठल्याही सेंटरला नाही. फोन करून विचार, ब्रेस्ट कॉइल आहे का. त्यात पालथं झोपवतात, छातीसाठी दोन खळगे असतात. ते नसेल आणि "नॉर्मल कॉइलवर करून देतो" म्हणाले तर नको सांग. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) लागतो, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मागतील, ते करून ने. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात करायचा, नाहीतर हॉर्मोनमुळे उगाच उजळ दिसतं आणि पुन्हा बोलावतात. आणि हे आधीच सांगून ठेवते, पहिल्या एमआरआयमध्ये काहीतरी बारीकसारीक निघून सोनोग्राफी किंवा बायॉप्सी सांगण्याची शक्यता बऱ्यापैकी असते, त्यातलं बहुतेक साधंच निघतं. तेव्हा लग्नाच्या आठवड्यात ठेवू नकोस, आत्ताच कर.

फॉर्मवर गायनॅक मॅडमकडून "छातीला रेडिएशन, २१ ग्रे" आणि वर्ष लिहून घे. ते नसेल तर रिपोर्ट करणाऱ्याला २८ वर्षांच्या मुलीचा एमआरआय कशाला हेच कळत नाही.

वाडीतली_लेक

लिहून घेतलं सगळं. अलकापुरीतल्या दोन सेंटरना आत्ता फोन केला, एकाकडे कॉइल नाही, दुसऱ्याकडे आहे. पुढच्या शनिवारची वेळ मिळाली, तारखेच्या हिशोबातही बसतंय. आई येतेय सोबत.